चौतीस वेळा ‘गरज नाही’

शंकरपुरा, १६ जून

फेल्सी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे उघडशील की तसंच कपाटात टाकशील, मला ठाऊक नाही. फोनवर तू मला आणि बोनिफासला बंद करून ठेवलंस त्याला या पावसाळ्यात तीन वर्षं झाली. म्हणून पत्र. तुझा आयर्लंडचा, कॉर्कचा पत्ता शेजारच्या कार्मिनबायच्या मुलीकडून घेतला. तिच्यावर रागावू नकोस, मीच मागे लागले होते.

एक बातमी आहे. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेली बरी. जानेवारीत खोकला धरला तो सुटेना. मंगळूरला छातीचा फोटो काढला. उजव्या फुप्फुसात गाठ निघाली. कॅन्सर आहे. शब्द लिहून टाकला. बोलताना मी ‘ते’ म्हणते. तू विचारशील, अक्का, तू तर कधी बिडीसुद्धा शिलगावली नाहीस! डॉक्टरांनाही मी तेच विचारलं. ते म्हणाले, असं हल्ली पुष्कळ बायकांत दिसतं.

पण घाबरू नकोस. गाठीचा तुकडा तपासायला पाठवला होता, त्यात एक खास खूण सापडली. त्या खुणेवर नेमकी काम करणारी नवी गोळी आहे म्हणे. रोज सकाळी उपाशीपोटी एक. सुई नाही, सलाईन नाही, केस जात नाहीत. फेब्रुवारीपासून घेते आहे, एप्रिलच्या तपासणीत गाठ निम्मी झाली होती. सगळे म्हणतात, अपोलिन, तू नशीबवान. बोनिफास तर गोळीला ‘आमची पाहुणी’ म्हणतो. घरच्या आल्तारावर, क्रुसापाशी ठेवतो, सकाळी पाण्याच्या ग्लासासकट आणून देतो.

तू यावंस म्हणून हे लिहिलेलं नाही. तुला माहीत असावं, एवढंच. बाकी सगळं बरं आहे. मळ्यातल्या मोगऱ्याच्या दोन ओळी किडीनं गेल्या, उरलेल्या जोरात आहेत.

अक्का


९ जुलै

फेल्सी,

तुझं उत्तर नाही. पत्राला दोन-तीन आठवडे लागतात असं पोस्टातला म्हणाला, म्हणजे कदाचित आत्ता कुठे पोचलं असेल. मीही उत्तराची वाट बघत नाहीये. कालची गंमत सांगावीशी वाटली, म्हणून बसले.

इस्पितळात प्रतिमा नावाची नर्स आहे. शेट्टीगारांची, कापू गावची. मोठ्या डोळ्यांची, सारखी घाईत. तिच्याकडे एक पाहणी आलीये. आम्हा नव्या गोळीवाल्यांना काय काय लागतं आणि त्यातलं काय मिळत नाही, ते शोधायचं. चौतीस प्रश्न. प्रत्येकाला उत्तर एकच द्यायचं: गरज नाही, गरज होती पण भागली, थोडी आहे, बरीच आहे, फार आहे.

“बायम्मा,” ती म्हणाली, “सुईवाल्यांना आम्ही दर तीन आठवड्यांनी समोर बघतो. तुम्ही गोळी घेऊन घरी जाता. घरी काय होतं ते आम्हाला कळतच नाही. म्हणून खरं सांगा हं.”

बोनिफास शेजारी बसला होता, छत्री दोन्ही हातांनी धरून. प्रतिमा तुळूत वाचत गेली. अंगात शक्ती नसणं, त्यासाठी मदत हवी का? म्हटलं, गरज नाही. दुखणं? गरज नाही. झोप? गरज नाही. आजार पसरेल याची भीती? बोनिफासनं माझ्याकडे बघितलं. गरज नाही. औषधाचे त्रास घरच्या घरी कसे सांभाळायचे याची माहिती? गरज नाही. मग ती एकदम आवाज खाली आणून म्हणाली, “नवरा-बायकोच्या संबंधांत काही बदल?” बोनिफास उठला आणि भिंतीवरचा पंखा बघायला गेला. खरंच गेला! पंख्याखाली उभा राहून मान वर करून बघत बसला, जणू विकत घ्यायचाय. मला हसू आवरेना. प्रतिमाही हसायला लागली.

“तुमच्यासारखे चार पेशंट मिळाले तर मी दुपारी घरी,” म्हणाली. “चौतीसच्या चौतीस गरज नाही! बायम्मा, तुम्ही माणूस आहात की पुतळा?”

“पुतळ्याला भूक लागत नाही,” मी म्हटलं. “मला भूक लागलीये.”

बाहेर येऊन आम्ही बन्स आणि चहा घेतला. बोनिफास म्हणाला, “बघ, तुझं सगळं किती चांगलं चाललंय.” मी हो म्हटलं.

अक्का

ता.क. बन्सचा अर्धा तुकडा पोटात राहिला नाही. बसस्टँडच्या संडासात दोनदा जावं लागलं. रस्त्याचं खाणं, दुसरं काय.


४ ऑगस्ट

फेल्सी,

मागच्या पत्रात खोटं लिहिलं होतं. बन्स बाधला नव्हता. ते रोजचंच आहे, दिवसातून चार वेळा, कधी पाच. मळ्यापासून घर लांब वाटायला लागलंय, एवढं सांगितलं की तुला कळेल.

तू मला पूर्वी म्हणायचीस, अक्काला आरशाशी काही देणंघेणं नाही. आता आहे. चेहऱ्यावर पुळ्या उठल्या आहेत, सतरा वर्षांच्या पोरीसारख्या. चर्चमध्ये मिस्सेनंतर कार्मिनबाय सगळ्यांसमोर म्हणाली, “काय गो अपोलिन, या वयात कुणाच्या प्रेमात पडलीस?” सगळ्या हसल्या, मीही हसले. आपल्या चर्च-वॉर्डातल्या बायकांना मी अॅलर्जी म्हणून सांगितलंय. आणि पापण्या! पापण्यांचे केस वाढत चाललेत, लांब, वळलेले, डोळ्यांत टोचतात. दर रविवारी बोनिफास नखं कापायच्या छोट्या कात्रीनं त्या कापतो. तो श्वास धरून ठेवतो.

हे सगळं चाललं असतं गं. पण हात.

नखांच्या कडा सुजल्यात, लाल, हात लावला तरी ठणकतात. बोटांच्या टोकांना चिरा पडल्यात, कोरड्या मातीला पडतात तशा. तुला माहीत आहे, मल्लिगेच्या कळ्या बांधायच्या तर केळीचा ओला दोर बोटावरून ओढून घ्यावा लागतो. आठशे कळ्यांचा चेंडू, म्हणजे किती वेळा ओढायचा! दोर नेमका चिरेत बसतो. परवा चेंडू पुरा करून टोपलीत ठेवला आणि बघते तर एका कळीच्या देठाशी लाल ठिपका. मग दुसऱ्या. सगळा चेंडू सोडवला, सात कळ्या वेचून काढल्या, पुन्हा बांधला. फुलांची दहाची गाडी चुकली. बोनिफासला सांगितलं, उशिरा उठले.

मांय म्हणायची, मल्लिगे बांधणाऱ्या बाईचे हात तिचे नसतातच. ती गेली तेव्हा तिच्या बोटांवर दोराची खूण होती. तू बघितली नाहीस.

बघ, पुन्हा तिथेच आले. लिहायचं नव्हतं. आता आले आहेच तर सांगते. त्या दिवशी घरच्या ग्रुपवर सगळ्यांपुढे मी लिहिलं, की परक्यांच्या आया न्हाऊ घालायला गेलीस आणि आपल्या आईला शेवटची आंघोळ शेजारणीनं घातली. ते लिहिताना मला बरं वाटलं होतं. दोन मिनिटं. नंतर कधीच नाही. तुला सुट्टी का मिळाली नाही, ते मी आजवर विचारलेलं नाही.

तू म्हणशील, अक्का, हे डॉक्टरांना का सांगत नाहीस? सांगते का ते. आमच्या बाकावर कारकळच्या वसंती टीचर असायच्या. तीच गोळी, तोच दिवस. मे महिन्यात त्या माझ्यासमोर आत गेल्या, डॉक्टरांना म्हणाल्या, पोट फार बिघडतं, सहन होत नाही. दार उघडंच होतं, मी ऐकलं. तासाभरानं बाहेर आल्या. हातात पिशवी, चेहरा पांढरा. म्हणाल्या, “अपोलिन, माझी गोळी बंद केली.” जूनमध्ये त्या सुईच्या खोलीत दिसल्या, डोक्याला रुमाल. जुलैत दिसल्या नाहीत.

मग मी कसं सांगू? ही गोळी गेली तर मागे दुसरं काय आहे, ते मला कुणी सांगितलेलं नाही आणि मी विचारलेलं नाही. प्रतिमाच्या कागदावर ‘फार गरज’ असं एकदा जरी लिहिलं, तरी तो कागद डॉक्टरांच्या टेबलावर जाणारच ना. बाई तक्रार करते. हिला झेपत नाही. बंद करा.

म्हणून पुतळा.

अक्का


२६ ऑगस्ट

फेल्सी,

घाईत लिहिते आहे. रविवारपासून मोंतीचा नोवेना सुरू, मरियेच्या जन्माच्या सणाआधी नऊ दिवस प्रार्थना. या वर्षी मरियेच्या मूर्तीचा हार आपल्या घराकडे आहे, नऊ दिवस, रोज ताजा. मांयच्या नावावरची पाळी. फादर म्हणाले, “अपोलिन, तुला बरं नसेल तर दुसऱ्यांना देतो.” मी म्हटलं, “फादर, मला काय झालंय?” कार्मिनबाय बाजूलाच होती. तिच्या डोळ्यांत मी बघितलं, तिला काहीतरी वास लागलाय.

नऊ हार. या हातांनी.

मी एक ठरवलंय. तुला सांगत नाही. सांगितलं तर तू तिथे बसून ओरडशील, आणि मला ऐकू येणार नाही तरी ऐकू येईल.

अक्का


८ सप्टेंबर, मोंती फेस्त

फेल्सी,

या कागदात दुमडलेली पुडी सांभाळून उघड. नव्या भाताचे सात दाणे आहेत, आज सकाळी आशीर्वाद दिलेल्या कणसातले. तीन वर्षं मी तुझा वाटा काढून ठेवला नाही. बोनिफास काढायचा, मी बघितलं न बघितल्यासारखं करायची, आणि तो वाटा कुठे जायचा ते विचारलं नाही. आज दाणे कुटून दुधात घातले आणि बोनिफासनं नावं घेतली: अपोलिन, बोनिफास. मग थांबला. मी म्हटलं, “फेल्सी.” तो म्हणाला, “फेल्सी.” पानावर सात भाज्या होत्या. दोन माणसं आणि सात भाज्या! भेंडी त्यानं केली, कच्ची राहिली होती.

दाणे तिथल्या दुधात घालून घे. दूध कुठलंही चालतं.

आता कबुली. नऊ दिवस मी गोळी घेतली नाही. सकाळी बोनिफास आणून द्यायचा, मी तोंडात धरायची, पाणी प्यायची, आणि तो वळला की पदरात. तांदळाच्या डब्यात ठेवल्या. मी स्वतःला सांगितलं, मरियेसाठी आहे, ती समजून घेईल. आणि फेल्सी, चौथ्या दिवसापासून हात बरे व्हायला लागले! सूज उतरली. पोट थांबलं. सहाव्या दिवशी मी मळ्यात उभी राहून कुळीथ-भात पोटभर खाल्ला. सातव्या दिवसाचा हार असा झाला की फादरांनी विचारलं, हा तुझ्या आईनं बांधलाय का? घरी येऊन मी रडले. आनंदानं नाही. मला कळलं की गोळीशिवाय मी किती बरी असते आणि गोळीशिवाय किती दिवस असेन.

काल रात्रीपासून मला खोकला आल्यासारखा वाटतोय. आहे की नाही, कळत नाही. मुद्दाम खोकून बघते. मग वाटतं, खोकून खोकूनच आला. आत ते जागं झालं असेल का? नऊ दिवस त्याला कुणी राखण नव्हती.

पण उपाय आहे. लहानपणी नोवेन्याचा एक दिवस बुडला की मांय दुसऱ्या दिवशी दुप्पट म्हणायला लावायची, आठवतं? “बुडाला तो बुडाला, भरून काढ. देव हिशेब धरत नाही पण आपण धरावा.” तू तिसऱ्या माळेला झोपायचीस. तर तसंच. नऊ गोळ्या आहेत. आजपासून नऊ दिवस रोज दोन. एक बोनिफासच्या हातची, एक डब्यातली. ऑक्टोबरच्या तपासणीपर्यंत सगळं बरोबर होईल.

हे कुणालाच माहीत नाही. आता तुला आहे. तुला कळेपर्यंत नऊ दिवस संपलेले असतील, म्हणून तुला सांगायला सोपं.

अक्का


१५ सप्टेंबर

फेल्सी,

फार लिहीत नाही. कालपासून अकरा वेळा. पेज पोटात राहत नाही. तोंडात फोड आलेत, पाणीसुद्धा झोंबतं. उठले की घर फिरतं.

बोनिफास म्हणतो, मंगळूरला जाऊ. मी म्हटलं, फेस्ताचं खाणं बाधलं. सात भाज्यांवर आळ घेतला, त्याच्या कच्च्या भेंडीवर. त्याला वाईट वाटलं. खरं मानून बसलाय.

दोन गोळ्या उरल्यात डब्यात. दोन दिवस फक्त. मग


३० सप्टेंबर

फेल्सी, माझ्या बाळा,

परवा तू फोन केलास आणि मी म्हणाले, बरी आहे. तीन वर्षांनी तुझा आवाज आला आणि माझ्या तोंडून तेच निघालं. फोन ठेवल्यावर बोनिफासनं माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं, त्या नजरेसाठी हे पत्र. फोनवर मला येत नाही. कागदावर थोडं येतं.

तू त्याला आधी काय म्हणालीस ते त्यानं मला सांगितलं. “बोना, तिला फोन देऊ नकोस, ती खोटं बोलेल. आधी मला सांग, लघवी होते का? केवढी? रंग कसला?” बोनिफास मळ्याच्या मध्ये उभा होता, शेजारी केळीचा दोर विकणारा माणूस. म्हणतो, मला त्याच्यासमोर रंग सांगावा लागला! तू एकदम सुस्कारा टाकलास म्हणे. आणि मग “गाढव आहे ती, गाढव, आपल्या आईसारखी” असं म्हणून रडलीस. तो म्हणतो, तो केळीवाला टोपी काढून उभा राहिला, त्याला वाटलं कुणी वारलं.

घडलं ते क्रमानं सांगते. सोळा तारखेला मी विहिरीपाशी पडले. कार्मिनबायनं बघितलं. तिनं आणि बोनिफासनं मला रिक्षात घातलं. रिक्षात माझं डोकं तिच्या मांडीवर होतं आणि ती सारखी म्हणत होती, “अॅलर्जी म्हणे, अॅलर्जी! चोरटी बाई! मला का नाही सांगितलंस गो?” आणि माझ्या कपाळावरून हात फिरवत होती, पुळ्यांवरून, तिला किळस आली नाही. मांयला शेवटची आंघोळ तिनं घातली होती. मी आजवर तिला त्याबद्दल देव बरें करूं म्हटलेलं नाही. तुझ्यावर रागावण्यात राहूनच गेलं.

इस्पितळात सलाईन लावली. अंगातलं पाणी गेलं होतं, मूत्रपिंडांवर ताण आला होता. पहिला दिवस मला आठवत नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले आणि म्हणाले, “हे एवढं एकदम कसं झालं? महिन्याच्या गोळ्या मोजून दिल्या आहेत. काही जास्त घेतलंत का?” मी म्हटलं, नाही. आणखी दोनदा विचारलं. नाही. बोनिफास कोपऱ्यात उभा होता. तो म्हणाला, “डॉक्टर, चूक माझी. मी भेंडी कच्ची ठेवली.”

फेल्सी, त्या भेंडीनं मला मोडलं. एवढा मोठा माणूस, डॉक्टरांसमोर मान खाली घालून, भेंडीची कबुली देतोय. मी सगळं सांगून टाकलं. पदर, डबा, नऊ दिवस, दोन-दोन. वसंती टीचरसुद्धा. मला वाटलं, आता डॉक्टर कागद काढतील आणि लिहितील, बंद.

डॉक्टर खुर्ची ओढून बसले. ते कधी बसत नाहीत. म्हणाले, “नऊ दिवस थांबवलीत त्याचं मला काही वाटत नाही. हातांचं आधी सांगितलं असतंत तर आठवडाभर मीच थांबवायला लावलं असतं. मग कमी ताकदीची दिली असती. हे मी महिन्यातून चार जणांच्या बाबतीत करतो.” मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. “दोन घेतल्यात, ते मात्र जिवावर बेतणारं होतं. पुन्हा कधी नाही. बुडलेली गोळी बुडू द्यायची.” आणि वसंती टीचरांचं म्हणाले की दुसऱ्या पेशंटचं मला बोलता येत नाही, पण एक सांगतो, पोट बिघडलं म्हणून मी आजवर कुणाची गोळी कायमची बंद केलेली नाही. गाठ पुन्हा वाढायला लागली, तरच बदलतो.

म्हणजे टीचरांची गोळी तक्रारीमुळे गेली नव्हती. ज्या दिवशी त्या बोलल्या, त्याच दिवशी फोटो आला असणार. मी दोन गोष्टी शेजारी बघितल्या आणि गाठ मारली. चार महिने त्या गाठीवर चालले.

दुपारी प्रतिमा आली. पलंगाच्या कडेवर बसली. मग म्हणाली, “बायम्मा, चूक माझी पण आहे. नवऱ्यासमोर विचारलं. पंधरा मिनिटांत उरकलं. आणि तुम्ही चौतीस वेळा ‘गरज नाही’ म्हणालात तेव्हा मला बरं वाटलं, कारण बाहेर आठ जण थांबले होते.” तिनं बोनिफासला चहा प्यायला पाठवलं. कोरा कागद आणला होता. पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागली.

पहिल्या प्रश्नाला मी म्हणाले, गर, आणि थांबले. जीभ आपोआप तिकडे जाते गं. प्रतिमा पेन धरून बसली. मी म्हटलं, फार. शक्ती नसण्याला फार. पोटाला फार. हातांना, फार फार, तसा रकाना आहे का? नाही म्हणाली, फारच्या पुढे नाही. भीतीच्या प्रश्नाला मी शेवटच्या रकान्याकडे बोट केलं, तिनं खूण केली आणि मला दाखवली. नवऱ्याच्या प्रश्नाला मी सांगितलं की तो रविवारी माझ्या पापण्या कापतो आणि दुसऱ्या कुठल्याच दिवशी त्याला जवळ येऊ देत नाही मी, चेहऱ्यामुळे. हे मी जिवंत माणसासमोर पहिल्यांदा बोलले. तिनं मान हलवली, लिहिलं, पुढे गेली. तिला कापूची बस चुकली. दोन तास लागले.

तेव्हापासून एक मलम आहे हातांना, एक तोंडाला. जुलाबाची गोळी केव्हा घ्यायची ते कागदावर लिहून दिलंय, बोनिफासनं तो दाराला चिकटवला. नखांसाठी मिठाच्या कोमट पाण्यात हात बुडवायचे. एवढं साधं! आठवड्याला प्रतिमा फोन करते, ठरलेल्या दिवशी. सोमवारपासून गोळी पुन्हा सुरू, कमी ताकदीची. तपासणी वीस ऑक्टोबरला.

त्या तपासणीचं मला काही माहीत नाही, फेल्सी. खोकला आहे की नाही ते अजून कळत नाही. कमी ताकदीची गोळी पुरेल का, ही कधी थकेल, थकली तर पुढे काय. हे विचारलं या वेळी. डॉक्टर म्हणाले, पुढे आणखी एक-दोन वाटा आहेत, पण सगळ्यांना सगळ्या लागू पडत नाहीत. मी घाबरलेली आहे. लिहिते आहे तेव्हाही. आधी सांगितलं होतं घाबरू नकोस. ते मी तुला नाही, मला सांगत होते.

प्रतिमाच्या कागदाच्या शेवटी एक पान कोरं असतं. वर लिहिलेलं असतं, आम्ही विचारायचं राहिलेलं काही? जुलैत मी ते उलटून बघितलंही नव्हतं. या वेळी तिनं पेन माझ्या हातात दिलं. बोटांना कापूस गुंडाळलेला, अक्षर वेडंवाकडं आलं. मी लिहिलं, मला रोज कुणीतरी विचारावं, आणि मी खोटं बोलले तर त्याला कळावं.

प्रतिमानं वाचलं. म्हणाली, “असं कुणी आहे का तुमच्याकडे?”

मी म्हटलं, “आहे. पण कॉर्कला आहे, आणि मी तिला तोडलंय.”

“नंबर आहे?”

“तिनं बंद करून ठेवलाय.”

“पत्रं पोचली की उघडेल ती,” बोनिफास दारातून म्हणाला. चहा केव्हाच संपवून तो तिथे उभा होता.

तुला तेव्हा सुट्टी का मिळाली नाही, ते मला सांग. सगळं सांग. मी ऐकेन. आणि रविवारी पुन्हा फोन कर, तुमच्याकडे सकाळ असते तेव्हा. मी उचलला आणि बरी आहे म्हणाले, तर ठेवू नकोस. थांब. पुन्हा विचार.

तुझी
अक्का